पलंग घेताना घ्यावयाची दक्षता

सातारा-सांगलीकडं पलंग घ्यायचा तर ज्याला त्यावर झोपायचं आहे त्याला दुकानात नेऊ नये. तो मध्येच मत देतो. सोबत एक मामा आणि शेजारचा एक माहीतगार असला की पुरे.

गादीवर कुशीवर दहा मिनिटं पडून राहावं, खांदा आणि कंबर किती रुततात ते पाहावं, असं जाणकार सांगतात. पण भर पेठेत चप्पल काढून आडवं व्हायचं म्हणजे चारचौघांत शोभा. सबब, गादीच्या कडेला टेकावं, तळव्यानं दोनदा दाबावं, "जरा कडक वाटतीया," म्हणावं आणि चहा येईपर्यंत घासाघीस सुरू करावी.

माप सहा बाय सहा. खोली केवढी, हा प्रश्न गौण. खाली बॉक्स मात्र हवाच. वाकळा, रुखवतातली भांडी आणि पाहुण्यांच्या उशा एरवी राहणार कुठं?

लाकडाचं जरा नीट बघावं. घर सांगलीत कृष्णाकाठी असेल तर दुकानदाराला आधी आयर्विन पुलाची पातळी सांगावी. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. भुश्याच्या फळ्यांचा पलंग भिजला की पुरीसारखा फुगतो. सागवानी टिकतो, पण पाणी दारात आल्यावर तो माडीवर चढवायला चार गडी कुठून आणणार? पाटण खोऱ्याचा हिशेब निराळा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि धक्के नंतरही येत राहिले. तिथं उशाशी कपाट नसावं, आणि पलंग झटक्यात अंगणात काढता यावा.

अंथरायला माण, आटपाडी किंवा जतकडचं घोंगडं घ्यावं. दख्खनी मेंढीची लोकर, वर चिंचोक्याची खळ. त्यामुळं नवं घोंगडं पाठीला चांगलंच टोचतं. खळ उतरेपर्यंत तक्रार करू नये, केलीच तर आजोबा ऐकत नाहीत. कापसाची गादी बसली तर पुन्हा पिंजून घेता येते. फोमची बसली की बसलीच.

आता या सगळ्या अटींत बसणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे बाज. एकट्यानं अंगणात नेता येते, दोघांनी माडीवर. शोरूमात ती ठेवत नाहीत, म्हणून पलंग घ्यावाच. त्यावर दिवसा वाळलेले कपडे ठेवावेत, रात्री जावयाला झोपवावं. आपण परड्यातली बाज झटकून आणावी. पायथ्याची दोरी सैल पडली असेल तर ती ताणून बांधावी. ढेकूण दिसलेच तर सांध्यांत उकळतं पाणी ओतून दिवसभर उन्हात उभी करावी, आणि जावई निघेपर्यंत पुन्हा आत आणू नये.