24 कोटी 75 लाखांचा वाद कसा घालावा

मार्च संपता संपता हिंगोली जिल्ह्यात दोन गोष्टी एकदम तापतात. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद बाजारात यायला लागते आणि आयपीएल सुरू होते. हळदीला भाव कमी का मिळाला, यावर माणसे हळू आवाजात बोलतात; गोलंदाजाला एवढा भाव का मिळाला, यावर मोठ्याने. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाचही तालुके 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळे झाले, पण हा वाद चुकीच्या पद्धतीने घालण्याच्या बाबतीत दोन्ही जिल्ह्यांत अजून पूर्ण एकोपा आहे. एकजण आकडा सांगतो, दुसरा फायनल सांगतो, तिसरा चहा सांगतो, आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. त्यासाठी पात्रता लागत नाही. भांडवल मात्र लागते: कोलकात्याच्या मालकाचे पैसे आपल्याच खिशातून गेल्याचे खरेखुरे दुःख.

सुरुवात हिशेबाने करावी, कारण हिशेब मांडणारा माणूस शहाणा दिसतो. 19 डिसेंबर 2023 रोजी दुबईतल्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने मिचेल स्टार्कला 24 कोटी 75 लाखांना घेतले. त्या हंगामात एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून 100 कोटीच खर्च करता येत होते, म्हणजे फार तर पंचवीस जणांच्या ताफ्यातल्या एकट्यावर जवळजवळ पाव हिस्सा गेला. साखळीतले सामने 14, गोलंदाजाला एका सामन्यात षटके 4, म्हणजे वैध चेंडू फार तर 336. भागाकार केला की एका चेंडूचे सुमारे 7 लाख 37 हजार रुपये होतात. (वाइड चेंडू त्यात धरलेला नाही, तो मालकाला फुकट पडतो.) हा आकडा टाकला की समोरचा काही क्षण गप्प बसतो. पण त्यावर विसंबू नये. चेंडूमागचा भाव हा धाक दाखवायला उत्तम आणि सिद्ध करायला निरुपयोगी असतो, कारण महाग काय आणि स्वस्त काय हे शेजारच्या मालाशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. खरा उपयोगी आकडा त्या 336 मध्येच दडलेला आहे: नियम असा की गोलंदाज कितीही थोर असला तरी डावाच्या 20 षटकांपैकी 4 च टाकू शकतो. फलंदाज वीसही षटके उभा राहू शकतो. गोलंदाजाच्या बाबतीत मालक पैसे कितीही मोजो, त्याला डावाचा पाचवा हिस्साच विकत मिळतो, आणि हा हिस्सा पंचवीस कोटींनीही वाढत नाही.

एवढ्यात समोरचा फायनल काढेल. काढणारच. 26 मे 2024, चेन्नई, हैदराबाद 113 वर गारद, स्टार्क 3 षटकांत 14 धावा देऊन 2 बळी आणि सामनावीर. त्याआधी अहमदाबादच्या पहिल्या क्वालिफायरमध्येही 3 बळी आणि सामनावीर. पैसे वसूल! इथे हंगामाचे पहिले दोन सामने सांगून उट्टे काढण्याचा मोह होईल: आठ षटकांत बरोबर 100 धावा, बळी शून्य. हा मोह टाळावा. दोन वाईट सामने निवडणे आणि दोन चांगले सामने निवडणे यात फरक फक्त संघाच्या टोपीचा आहे. त्याऐवजी त्याच संघाचा पूर्ण हंगाम समोर ठेवावा. वरुण चक्रवर्तीने 21 बळी घेतले, हर्षित राणाने 19, आंद्रे रसेलने 19, सुनील नारायणने 17 आणि स्टार्कने 17. यातला राणा 20 लाखांचा होता. म्हणजे राणाचा एक बळी सव्वा लाखाच्याही आत पडला आणि स्टार्कचा जवळजवळ दीड कोटीला. कोलकाता चषक जिंकले हे खरे. पण एवढ्या महागड्या खरेदीनंतरही बाकीची षटके टाकायला चांगली माणसे शिल्लक होती, म्हणून जिंकले. त्यातला राणा तर ज्या रकमेला लिलावात चहापाण्याचा खर्च म्हणतात, तेवढ्यात आला होता.

आता एका उदाहरणावर नियम उभा राहत नाही, हे समोरच्याने म्हणण्याआधी आपणच म्हणावे, मोठेपणा दिसतो. मग यादी काढावी. 2018 मध्ये राजस्थानने जयदेव उनाडकटला साडेअकरा कोटींना घेतले, त्याने 11 बळी घेतले. कोटीला एक, हिशेब तोंडी करता येतो. मग त्याला सोडून दिले आणि पुढच्या लिलावात राजस्थाननेच 8 कोटी 40 लाखांना परत घेतले. पुन्हा सोडले, पुन्हा घेतले, या वेळी 3 कोटींना. माणूस तोच, संघ तोच, खांदा तोच. 2021 मध्ये बंगळूरुने काइल जेमिसनवर 15 कोटी घातले, बळी मिळाले 9. 2022 मध्ये चेन्नईने दीपक चहरला 14 कोटींना घेतले आणि दुखापतीमुळे तो हंगामभर एक चेंडूही टाकू शकला नाही; त्याच संघात महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा मुकेश चौधरी 20 लाखांत आला होता, त्याने 16 बळी घेतले. पुढच्या वर्षी कल्याणच्या तुषार देशपांडेने तेवढ्याच 20 लाखांत 21 बळी घेऊन चेन्नईला चषकापर्यंत साथ दिली. खुद्द कोलकात्याने 2018 मध्येही स्टार्कलाच 9 कोटी 40 लाखांना घेतले होते आणि पायाच्या दुखापतीमुळे तो तेव्हा भारतात आलाच नाही, हे सांगायला विसरू नये.

मात्र प्रामाणिकपणा हा वादात कधी कधी उपयोगी पडतो, तेव्हा दुसरी बाजूही ठेवावी. पंजाबने 2024 साठी हर्षल पटेलला 11 कोटी 75 लाख दिले आणि त्याने 24 बळी घेऊन पर्पल कॅप मिळवली. पॅट कमिन्सला हैदराबादने साडेवीस कोटी दिले. त्याने 18 बळी घेतले आणि कर्णधार म्हणून संघ फायनलला नेला. तेव्हा ‘महागडे गोलंदाज खेळत नाहीत’ असे म्हणू नये, ते खोटे आहे. म्हणायचे ते एवढेच: किंमत आणि कामगिरी यांची गाठ इतकी सैल आहे की किंमत बघून कामगिरी सांगता येत नाही. मग किंमत नेमकी कशावरून ठरते, हा प्रश्न उरतो, आणि वादाची गंमत इथूनच सुरू होते.

यासाठी आयपीएलचा अभ्यास बाजूला ठेवून हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातली हळदीची बोली डोळ्यांसमोर आणावी. खरेदीदार कांडी मोडून आतला रंग बघतो, वाळली किती ते बघतो, गट्टू वेगळा धरतो. बोली चढते, पण एका ठिकाणी थांबते, कारण त्याच्या डोक्यात सांगलीचा भाव असतो. तिथे विकून सुटणार नाही एवढ्या भावाला तो हळद उचलत नाही, आणि हा ढीग गेला तरी शेजारी दुसरा ढीग असतो. खेळाडूंच्या सभागृहात यातले काहीच नाही. सांगली नाही. शेजारचा ढीग नाही. डावखुरा, ताशी 140 च्या पुढचा, नव्या चेंडूचा परदेशी गोलंदाज त्या दिवशी एखादाच असतो आणि कांडी मोडून बघावी तसा खांदा मोडून बघता येत नाही. 1971 मध्ये तीन अमेरिकी अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल हे दाखवून दिले होते: मालाची खरी किंमत कुणालाच नक्की माहीत नसेल, तर सगळ्यांत जास्त बोली लावणारा हा बहुधा सगळ्यांत जास्त चुकलेला असतो. लिलाव जिंकणे आणि अंदाज चुकणे ही तिथे एकाच घटनेची दोन नावे होतात. त्यातून छोटा लिलाव आला की हे आणखी वाढते. थोडे खेळाडू, दहा गिऱ्हाइके, आणि दोघांच्या हातात मोठी शिल्लक. एका वर्षाच्या आत मोठा लिलाव झाला, माल भरपूर आला, आणि तोच स्टार्क दिल्लीला 11 कोटी 75 लाखांना, म्हणजे निम्म्याहून कमी भावात मिळाला. दिल्लीसाठी त्याने 11 सामन्यांत 14 बळी घेतले. हात स्वस्त झाला नव्हता, सभागृह बदलले होते.

हुशार प्रतिस्पर्धी इथे म्हणेल, उरलेली रक्कम घरी नेता येत नाही, मग ती खर्चली तर बिघडले काय? आक्षेप वजनदार आहे, त्याला चहा पाजावा आणि मग उत्तर द्यावे. दोन मोठ्या लिलावांमधल्या चक्रात न वापरलेली मर्यादा पुढच्या छोट्या लिलावात कामी येते, त्यामुळे रक्कम नासून जाते हे अर्धेच खरे. आणि मर्यादा ठरलेली असल्यामुळेच एकाला जास्त देणे म्हणजे चौथ्या-पाचव्या गोलंदाजाला कमी देणे. प्रक्षेपण हक्कांचे 2023 ते 2027 साठीचे 48,390 कोटी बघून मालक श्रीमंत आहे असे म्हणता येते, पण संघ श्रीमंत होत नाही. त्याची थैली सगळ्यांएवढीच. ज्यांचे पुतणे न्यू जर्सीत आहेत ते बेसबॉलचा दाखला देतील. तिथे वॉशिंग्टनने 2019 च्या विजेतेपदानंतर स्टीफन स्ट्रासबर्गशी सात वर्षांचा 24.5 कोटी डॉलरचा करार केला आणि तो त्यानंतर आठच सामन्यांत चेंडू टाकू शकला. उलट लॉस एंजेलिसने योशिनोबु यामामोतोला 32.5 कोटी डॉलर दिले आणि 2025 च्या वर्ल्ड सीरिजचा मानकरी तोच ठरला. दाखला ऐकून घ्यावा, मान हलवावी, आणि सांगावे की तिथला गोलंदाज चार दिवस विश्रांती घेऊन पाचव्या दिवशी सामन्याचा मोठा भाग एकटा ओढू शकतो. आपल्याकडे चार षटके झाली की बावीस कोटी असोत की बावीस लाख, सीमारेषेवर उभे राहायचे असते.

शेवटी बुमराहचे नाव निघतेच. निघावे अशीच वाट बघावी. 2024 च्या त्याच हंगामात जसप्रीत बुमराहने 20 बळी घेतले, तेही षटकामागे साडेसहाच्या आत धावा देऊन. मुंबई त्याला त्या वर्षी 12 कोटी देत होती, स्टार्कच्या निम्म्याहून कमी, कारण त्याला राखून ठेवले होते आणि राखलेल्याचा दर बोलीवर ठरत नाही. पुढच्या चक्रात तो 18 कोटींवर गेला, तरी स्टार्कच्या आकड्यापासून लांबच. समोरचा उसळून म्हणेल, बुमराहला भर सभागृहात उभा केला असता तर तीस कोटींपर्यंत बोली गेली असती! त्याला अडवू नये, उलट दुजोरा द्यावा. तो तुमचाच मुद्दा मांडतो आहे.