रेंज आल्यावर काय?

नागपूरजवळच्या वडधामना गावात २७ जुलै २०२५ रोजी देशातली पहिली 'एआय' अंगणवाडी सुरू झाली. खुद्द मुख्यमंत्री उद्घाटनाला होते. तिथं स्मार्ट बोर्ड आहे, टॅब आहेत आणि आभासी जग दाखवणारा चष्मासुद्धा आहे. तीन वर्षांच्या नाकावर तो बसतो की घसरतो, असल्या बारीकसारीक शंका विकासाच्या वाटेत आणू नयेत. नागपूरला मिळालं, मग शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीनं काय पाप केलंय? 'सक्षम अंगणवाडी' योजनेत देशातल्या दोन लाख अंगणवाड्यांना एलईडी पडदा आणि वायफाय द्यायचं ठरलंच आहे. गडचिरोली तर २०१८ पासून सरकारदरबारी 'आकांक्षित जिल्हा' आहे, म्हणजे आकांक्षा मंजूर आहे, बाकीचं मागून येईल. एटापल्ली तालुक्यात वांगेतुरी-गर्देवाडा मार्गावर पहिली एसटी १ जानेवारी २०२५ ला धावली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड दर पावसाळ्यात जगापासून तुटतं. पण रस्ता नाही, रेंज नाही, म्हणून पडदा नको, हे म्हणणं लेचंपेचं आहे. टॉवर आज ना उद्या उभा राहील. खरा प्रश्न रेंज आल्यानंतरचा आहे.

पडद्यासमोर बसलेलं लहान मूल नेमकं काय शिकतं, हे तपासून झालेलं आहे. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. काहींना तशाच माणसांचं चित्रीकरण पडद्यावर दाखवलं. बारा बैठका झाल्या. माणसांसोबत खेळलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला, पडद्यावाल्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. आवाज तसेच, चेहरे तसेच, फक्त बाळ हसलं तर उलट हसणारं तिथं कोणी नव्हतं. आता भामरागडचं मूल घरी माडिया बोलतं, चंद्रपुरातल्या जिवतीच्या डोंगरावरचं कोलामी. अंगणवाडीत त्याला पहिल्यांदा धड्यातली मराठी ऐकू येते. हे मूल अडलं तर ताई निदान थांबते, हातवारे करते, एखाद्या मोठ्या पोराला 'काय म्हणतो रे हा?' असं विचारते. पडदा थांबत नाही. त्याच्या लेखी सगळी मुलं पुण्याची.

यावर आक्षेप येईल की नऊ महिन्यांचं बाळ आणि चार वर्षांचं मूल यांत फरक आहे. आहेच. अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'मुळे गरीब घरांतली मुलं अक्षरं-आकडे शिकली, हे नाकारायचं कारण नाही. पण मोठं माणूस शेजारी बसून मध्येच थांबवत, विचारत राहिलं तर अशा कार्यक्रमाचा लाभ वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला पडद्यासमोर फार तर एक तास सांगितला, त्याहून कमी असेल तर उत्तमच. थोडक्यात, पडदा आणला तरी माणूस लागतोच.

आणि ते माणूस सध्या कुठं आहे? ते दुसऱ्या पडद्यात आहे. २०२१ मध्ये ताईच्या मोबाईलवर 'पोषण ट्रॅकर' हे अॅप आलं. हजेरी त्यात, वजन-उंची त्यात. २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना चेहरा ओळखण्याचीही सक्ती झाली. आईचा चेहरा जुळेपर्यंत ताईनं मोबाईल उंच धरून रेंज शोधायची, आणि मुलांनी ताईकडं बघत बसायचं. बालवाड्यांत डिजिटल साधनं सक्तीची ठेवायला नको, असं स्वीडनच्या सरकारला २०२३ मध्ये वाटलं आणि जगभर त्याची बातमी झाली. महाराष्ट्रातल्या सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्येच सरकारी मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं होतं. कारण निराळं होतं, हँडसेट निकृष्ट आणि अॅप इंग्रजीत, पण काळाच्या पुढं राहण्याचा मान त्यांना द्यायला हवा. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये लहान मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला, त्यात खेळणी, बाहुल्या, कोडी होती. हातात धरायच्या वस्तू, चांगली कल्पना. वर्षभरात त्याचं अॅप आलं.

सर्वांत वजनदार आक्षेप समतेचा आहे. शहरातल्या मुलांच्या हाती टॅब आणि जंगलातल्या मुलांनी मोहफुलंच वेचायची का? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जंगलातल्या मुलाला 'निसर्गाच्या शाळेत' ठेवण्याची हौस बहुधा शहरातल्यांनाच असते. पण शहरातल्या मुलाकडं टॅबच्या आधी काय काय असतं, तेही मोजायला हवं. घरच्या भाषेत बोलणारी शिक्षिका असते आणि भरलेलं ताट असतं. अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहारासाठी केंद्रानं २०१७ मध्ये ठरवलेला दर दिवसाला आठ रुपये होता. समता आणायची तर ती याच क्रमानं आणावी. मोबाईलचा खरा उपयोगही आहे. टोल्यावरच्या म्हाताऱ्यांकडून गोंडी-माडिया गाणी, गोष्टी रेकॉर्ड कराव्यात आणि मुलांना ऐकवाव्यात. त्याला फक्त कान लागतो, पडदा काळाच राहिला तरी चालतं. अर्थात काळ्या पडद्याचा फोटो अहवालात कसा लावायचा, ही अडचण उरतेच.

माणूस द्यायचा म्हटलं की मात्र सरकारचा हात आखडतो. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवून २०२२ मध्ये नोटीस धाडली. भिंतीवर एलईडी पडदा टांगून, त्यावर सफरचंदाचं चित्र लावून अर्ज केला असता तर मान्यतेचा कागद किती दिवसांत आला असता, हे बघायला हरकत नव्हती.