पॉइंट टूची सुई

मजपाशी आजमितीस चार एअरब्रश आहेत आणि धड रंगविलेले विमान एकही नाही, हे आरंभीच कबूल करून टाकलेले बरे. कारण या उपकरणाच्या निवडीविषयी पुढे मी जे अधिकारवाणीने सांगणार आहे ते वाचून माझ्या घरी विमाने पाहावयास येण्याची दुर्बुद्धी कोणास होऊ नये.

ज्या माणसाने सरकारी कचेरीत 33 वर्षे निविदा, दरकरार आणि तुलनात्मक तक्ते यांत घालविली, त्याने निवृत्तीनंतर प्लास्टिकची विमाने जोडण्याचा छंद धरल्यावर रंगफवारणीचे यंत्र तो सामान्य जनांप्रमाणे दुकानात जाऊन घेऊन येईल, ही अपेक्षाच मुळी गैर आहे. मी प्रथम फाईल उघडली. तीत रकाने आखले आणि एकेका मुद्द्यावर टिपणी लिहावयास घेतली. 'सिंगल ॲक्शन' जातीच्या एअरब्रशात कळ दाबली की हवा सुटते आणि तिच्यामागोमाग, आधी स्क्रू फिरवून ठरविला असेल तेवढाच रंग येतो. 'डबल ॲक्शन'मध्ये कळ खाली दाबल्यास हवा आणि मागे ओढल्यास रंग, असा दुहेरी अंमल एकट्या तर्जनीच्या हाती असतो. क्लाइव्हच्या दुहेरी राज्यव्यवस्थेने बंगालची काय दुर्दशा केली हे शाळेत घोकूनही मी डबल ॲक्शनच्या बाजूने शेरा मारला. रंगाची बाटली खाली लटकत असेल तर रंग वर खेचण्यास हवेचा दाब अधिक लागतो; पेला माथ्यावर असेल तर रंग आपल्याच भाराने उतरतो आणि पंधरा पौंडांच्या दाबात, चमचाभर रंगात काम भागते. म्हणून माथ्यावरचा पेला मंजूर. 1876 साली अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली नामक गृहस्थाने छायाचित्रे रंगविण्यासाठी अशाच एका फवाऱ्याचे पेटंट घेतले आणि पुढे जुळ्या भावासह वाफेच्या मोटारी काढून तो नावारूपास आला, हीही नोंद मी फाईलला जोडली. तिचा खरेदीशी काही एक संबंध नव्हता. परंतु संबंध नसलेले कागद काढून टाकले तर फाईलला वजन ते काय उरणार?

एवढा खटाटोप एका सुईसाठी. एअरब्रशच्या नळीतून एक लांब सुई आरपार गेलेली असते, तिचे टोक नोझलच्या छिद्रात बुचासारखे बसते आणि ती केसभर मागे सरली की रंगास वाट मिळते. अस्तराच्या रंगाला 0.5 मिलिमीटरचे छिद्र, सर्वसाधारण कामास 0.3, आणि ज्यास 'पॉइंट टू' म्हणतात ते 0.2 केवळ निष्णातांसाठी. मला कोणते हवे होते हे सुज्ञांनी ओळखले असेलच.

वास्तविक माझा पहिला फवारा अवघ्या काही आण्यांचा होता. दात घासण्याचा ब्रश आणि फणी! चित्रकलेच्या तासाला कोऱ्या कागदावर पिंपळाचे पान टाचणीने खोचावे, ब्रश रंगात बुडवून फणीच्या दातांवरून ओढावा आणि तुषार बसले की पान अलगद उचलावे. निळ्या धुक्यात पांढरेशुभ्र पान उमटे, देठासकट. त्या क्षणाची सर पुढे कोणत्याही जर्मन वा जपानी यंत्रास आली नाही. पानांवरून मी जास्वंदीवर गेलो, जास्वंदीवरून कात्रीवर, कात्रीवरून आजीच्या चष्म्यावर. माझे वडील जन्मभर राखुंडीने दात घाशीत आलेले. दंतवैद्याच्या आज्ञेवरून त्यांनी नाइलाजाने ब्रश विकत आणला आणि त्याच आठवड्यात मी तो प्रशियन ब्लूमध्ये बुडविला. नंतर धुऊन जागच्या जागी ठेवलाही. पण हा रंग नळाच्या धारेस दाद देणाऱ्यांतला नव्हे. दुसऱ्या दिवशी वडील दुपारीच कचेरीतून परतले, ते ओठांच्या कडा निळ्या घेऊन. साहेबांना हृदयविकाराची शंका येऊन त्यांनी त्यांना अर्ध्या दिवसाची रजा घ्यावयास लावली होती. मी मोरीच्या दाराआड माराची वाट पाहत उभा. वडिलांनी पिशवीतून नवा ब्रश काढून फळीवर ठेवला, जुना माझ्या हाती दिला, "हा आता तुझा," एवढेच म्हणाले आणि रजेचा अर्ज लिहावयास बसले.

असो. पहिला एअरब्रश फार स्वस्त मिळाला, आणि का मिळाला ते महिन्याभरात थिनरने त्याचा रबरी वायसर भिजवलेल्या वालासारखा फुगविला तेव्हा उमगले. दुसऱ्याचे तिळाएवढे नोझल मी पान्याने आवळताना मोडले. फाईलमध्ये मात्र 'उत्पादनातील दोष' असा शेरा आहे. तिसरा जपानी, इवाटाचा, 0.35चा; त्याचे नोझल आट्यांनी आवळावे लागत नाही, नुसते जागेवर ठेवून वरून टोपण फिरवावयाचे, म्हणजे माझ्यासारख्यांपासून ते सुरक्षित. निवड खरोखर येथेच संपावयास हवी होती. परंतु माझ्या मेजावर मेसरश्मिट 109 होते, आणि या जर्मन विमानाच्या कुशींवर करड्या रंगाचे विरळ, धूसर ठिपके असतात. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार 9.92 मीटर, 1/72 प्रमाणात तो सुमारे 14 सेंटिमीटर होतो, आणि मूळचा वीतभर ठिपका तीन मिलिमीटरांचा. माझे ठिपके भोकराएवढे पडत. सबब सुई जाड आहे, असा निष्कर्ष काढून मी जर्मनीतल्या भाच्यास पत्र धाडले आणि त्याने हार्डर अँड स्टीनबेकचा, 0.2 आणि 0.4 अशा दोन सुयांचा एअरब्रश आणून दिला. "मामा, ही सुई फार नाजूक असते हं," असे तो म्हणाला. लहान तोंडी मोठा घास.

रंग दुधाइतका पातळ करावा, हे शास्त्र. मी तो दूधवाल्याच्या दुधाइतका पातळ केला, आणि प्रत्येक ठिपक्यास कोळ्यासारखे आठ पाय फुटले. घट्ट केला तर सुईच्या टोकावर वाळून बसला. मग दोष डोंबिवलीच्या पावसाळी हवेवर गेला, हवेतल्या बाष्पावरून कॉम्प्रेसरवर, कॉम्प्रेसरवरून महावितरणच्या विजेवर. सौ. एकदा चहा ठेवता ठेवता विमानाकडे पाहून म्हणाली, "अहो, वेलची केळी फारच डागाळलीत की हो!" मी तीन दिवस अबोला धरला.

चौथ्या दिवशी मेजाशी बसलो तो उजव्या कोपराखाली काहीतरी मऊ लागले. जुन्या पातळाच्या तुकड्याची, कापूस भरलेली, हातभर लांबीची उशी. कोपरापासून मनगटापर्यंत हात तीवर बरोबर टेकत होता. गेली दोन वर्षे माझा हात थरथरतो. ही गोष्ट मी डॉक्टरांना सांगितलेली नाही, फाईलमध्ये तिच्यासाठी रकाना नाही, आणि चहाची कपबशी मी हल्ली दोन्ही हातांनी धरतो ती थंडीमुळे, असा माझा समज होता. सौ. स्वयंपाकघरात शेंगा सोलीत होती. तिने मान वर केली नाही. त्या दिवशी मी जपानी एअरब्रशच घेतला आणि विमान सबंध एका करड्या रंगात रंगवून टाकले, ठिपक्यांविना. रंग बरा बसला आहे. पाठीवर एक ओघळ आहे, तो भिंतीकडे करून ठेवला आहे.

तरी कळविण्यात येते की, जर्मन बनावटीचा डबल ॲक्शन एअरब्रश, दोन्ही सुयांसह, मूळ पेटीत, विकणे आहे. पॉइंट टूचे टोक एकदा वाकले होते. सरळ केले आहे. गरजूंनी सायंकाळी पाचनंतर यावे. विमाने दाखविली जाणार नाहीत.