कंपनीच्या नावात सुई शिरत नाही

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माणसाला कपडे विकत घ्यावे लागत नाहीत. रुजू झालात, टी-शर्ट. कंपनीला दहा वर्षं झाली, टी-शर्ट. नवं प्रॉडक्ट बाजारात आलं, टी-शर्ट. तेच प्रॉडक्ट गुपचूप बंद पडण्याआधी टीमचं मनोधैर्य उंचावायला पुन्हा टी-शर्ट. ज्या वर्षी पगारवाढ होत नाही त्या वर्षी टोपीसुद्धा मिळते. आधी सगळ्यांचं माप लिहून घेतात आणि मग सगळ्यांना एकाच मापाचा देतात. छातीवर कंपनीचं नाव, पाठीवर जग बदलून टाकण्याची प्रतिज्ञा.

मी फेज एकला, बायको फेज तीनला. दोघांच्या टी-शर्टांनी मिळून एक अख्खं कपाट अडवलं होतं. घालवत नाहीत, टाकवत नाहीत. फरशी पुसायला काढावेत तर पॉलिस्टर पाणी पीत नाही. इथलं पाणी उचलून तिथं नेऊन ठेवतं आणि काम झाल्याचं भासवतं, तेव्हा कुठल्या संस्कारातलं कापड आहे ते कळतं. कामाच्या मावशींना दिले, त्यांनी दुसऱ्या दिवशी घडी घालून परत आणले. "दादा, राग मानू नका, पण सुती काय असलं तर द्या."

अशात आई वाईजवळच्या गावाहून आमच्याकडे कायमची राहायला आली. सोबत एक ट्रंक, लोणच्याची बरणी आणि चार वाकळी. आमच्या साताऱ्याकडे वाकळ, बायकोच्या जळगावकडे गोधडी. सासूसुनेत एवढ्या एका बाबतीत मतभेद आहेत असं मी बाहेर सांगतो.

आईला हिंजवडी आवडेल याची मला खात्री नव्हती. पहिले काही महिने ती गॅलरीतून समोरच्या इमारती बघायची आणि म्हणायची, "एवढ्या काचा पुसतं कोन रं?" मग चैत्री पौर्णिमा आली. म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडकडे निघालं, गुलाल उधळला गेला, आणि आयटीतली जनता गाड्यांमध्ये जागच्या जागी बसून 'वर्क फ्रॉम रोड' करू लागली. आईचं माहेर वाईकडच्या बावधनच्या बाजूचं. तिथं रंगपंचमीला बगाड निघतं. ती गर्दीत शिरली ती संध्याकाळीच परतली, कपाळाला गुलाल लावून. "गाव हाय म्हनायचं हे," ती म्हणाली. "मला वाटलं, नुसतं हापिसच हाय."

त्या गर्दीत तिला गावठाणातल्या एक आजी भेटल्या. दोघींच्या वयात फरक फारसा नाही, पण आजींनी आईला 'ताई' म्हटलं आणि आईने त्यांना 'आक्का', म्हणजे नातं पक्कं झालं. आजींनी एका काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून तिला सांगितलं म्हणे, "त्यो जिना दिसतुया ना, तिथं आमचं भाताचं खाचर व्हतं." त्या जिन्यावर मी रोज कॉफी पितो. तेव्हापासून कप जरा जपून धरतो.

आता वाकळींकडे येतो. गोधडी शिवायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो, पण ज्यांना ती ठाऊक होती त्यांच्या मुलांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. खाली एक धड लुगडं अंथरायचं. त्यावर जुन्या कपड्यांचे थर लावायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, वर पुन्हा एखादं बऱ्या रंगाचं लुगडं किंवा तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग. कडेपासून धावदोरा घालत सुरुवात करायची आणि फिरत फिरत आत यायचं. शिवणारी बाई स्वतः त्या कापडावरच बसते, त्यामुळे घरातली मांजरही तिथंच बसते. शिलाईचं यंत्र लागत नाही, नकाशा लागत नाही. कापडाला मात्र एक अट असते: ते वापरून वापरून मऊ झालेलं हवं.

या अटीत सगळी गंमत आहे. आमच्या घरात आजीची एक पैठणी आहे. मलमलच्या फडक्यात, डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात. आल्यागेल्याला आम्ही ती दाखवतो आणि "आजीची आठवण" म्हणून हळवे होतो. खरं तर आजीने ती आयुष्यात मोजक्या लग्नांत नेसली आणि तेव्हाही डाग पडेल म्हणून जेवली नाही. त्या पैठणीला आजीची काय आठवण असणार? तिची खरी ओळख होती ती इरकली लुगड्यांना. धुणं, भांगलण, चूल, भांडण, सगळं त्यांनी जवळून पाहिलं, आणि विरली तेव्हा ती वाकळीत गेली. लग्नाच्या अल्बममध्ये घरातला प्रत्येक माणूस नवे कपडे घालून कोणी तरी दुसराच झालेला असतो. तो मंगळवारी कसा दिसायचा हे बघायचं तर वाकळ उलगडावी लागते.

आईच्या चारांपैकी एक वाकळ खाकी आहे. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या गणवेशाचे तुकडे तिच्यात आहेत, आणि उजव्या खिशाचा भाग सुट्ट्या पैशांच्या ओझ्याने नेमका झिरझिरीत झालेला आहे. त्या वाकळीत दोघं झोपले की दोघंही रात्रीतून भिंतीला लागतात. "पुढं सरका, आत जागा हाय" हे त्या कापडाने पंचवीसेक वर्षं ऐकलंय, सवय जात नाही. दुसऱ्या एका वाकळीत वडील आणि काका यांचे सदरे शेजारी शेजारी शिवलेले आहेत. वाटणीनंतर दोघं भाऊ बोलत नव्हते. बांध पडला, विहीर वाटली, पितळेची घागरसुद्धा कोणाची यावर पंच बसले. वाकळ तेवढी वाटता आली नाही. काका आला की आई मुद्दाम तीच अंथरायची. तो बसायचा, स्वतःच्या सदऱ्यावर हात ठेवायचा आणि वडिलांच्या सदऱ्यावर पाय.

या वाकळींची मला एके काळी लाज वाटायची, हे आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं असतं. कॉलेजला खोली घेतली तेव्हा खाली वाकळ आणि वरून सोलापुरी चादर, अशी प्रतिष्ठेची व्यवस्था असे. माझा खोलीसोबती विदर्भातला. गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी घेत, लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याच विद्यापीठाची पदवी सुटकेसमध्ये घेऊन आलेला हा गृहस्थ आपली गोधडी गादीखाली लपवायचा. मी त्याला हसायचो नाही, कारण माझीही तिथंच असायची.

नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा आमच्याकडचा कडक नियम. गावी ओढ्यावर बायकांची जत्रा भरते. इथं आईने पहिली वाकळ वॉशिंग मशीनमध्ये घातली. कोरड्या वाकळीचं वजन मशीनला चाललं. पाणी प्यायल्यावर तिने जे रूप धारण केलं ते पाहून मशीन थरथरत गॅलरीच्या दारापर्यंत चालत आलं आणि लाल दिवा लावून उभं राहिलं. आईने वाकळ हाताने पिळून कठड्यावर टाकली. पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसह निरोप आला: कठड्यावर कपडे वाळत घातल्याने इमारतीचं दर्शनी सौंदर्य बिघडतं. आईला वाचून दाखवला. "बघतंय कोन?" ती म्हणाली. "समोर बी काचच हाय." शेवटी चारही वाकळी रिक्षात घालून गावठाणात आक्कांच्या अंगणात नेल्या. तिथं त्या दगडी कुंपणावर पसरल्या, आणि परतताना आईच्या डोक्यात योजना होती.

"त्या कपाटातले बनेल काढ," तिने फर्मावलं. कंपनीच्या टी-शर्टाला ती बनेल म्हणते. मी म्हटलं, "आई, त्याची वाकळ होत नाही. पॉलिस्टर आहे." ती म्हणाली, "मानसाची वाकळ त्याच्या कामाच्या कापडाची. तुमचं कामाचं कापड ह्येच. मग मी काय करू?"

बायकोला हे फार पटलं. तिने आईला मोबाइलवर अमेरिकेतल्या अलाबामामधलं जीज बेंड दाखवलं. तिथल्या काळ्या शेतकरी बायका कामाच्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यानपिढ्या शिवत आल्या. मिसूरी पेटवे नावाच्या बाईने नवरा गेल्यावर १९४२ मध्ये त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. आईने तो फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. विटलेल्या निळ्या कापडावर गुडघ्याच्या जागी पडलेले डाग पाहिले. "खिसा कुठं गेला?" एवढंच विचारलं. मग बायकोने सांगितलं की २००२ मध्ये या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये भिंतीवर लावल्या होत्या. आई दचकली. "सगळ्या? मग पांगराय काय ठेवलं त्यांनी?"

शिवण सुरू झाली. आक्का रोज दुपारी यायच्या. पहिल्याच दिवशी तांत्रिक अडचण आली: टी-शर्टाचं कापड ताणतं, टाका घातला की दुसरीकडे जाऊन बसतं. दुसरी अडचण मोठी होती. छातीवरच्या रबरी छपाईतून सुई जाईना. जोर केला तर सुई मोडायची. आक्कांनी तीन सुया मोडल्यावर निकाल दिला, "ताई, ह्या कंपनीच्या नावात काय शिरत न्हाई." तेव्हा नावांना वळसा घालून टाके घालायचं ठरलं. परिणामी आमच्या वाकळीत बाकी सगळं सपाट आणि कंपन्यांची नावं तेवढी फुगलेली आहेत. हे वास्तवाला धरून आहे असं माझ्या टीममधल्यांचं मत पडलं. कडेला लावायला आईने जुन्या ओळखपत्रांचे पट्टे काढले. तेही शिवले जाईनात, म्हणून ते बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून मारून आणले. त्याने विचारलं, "किती जणांची नोकरी गेली, काकू?"

शिवणकामामुळे घरात वेळ मोजायची नवी पद्धत आली. बायको फेज तीनहून निघाली की फोन करायची. ती घरात आली की आई म्हणायची, "तू निघालीस तवा मी ह्या कडंला व्हते. आता बघ, मधोमध आले." मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत आलेली सून पर्स टाकून तिथंच वाकळीवर बसायची आणि सुई हातात घ्यायची. तिच्या टाक्यांत तो दिवस ओळखू येतो. लांब टाके म्हणजे रस्ता मोकळा होता. बारीक, दात-ओठ खाऊन घातलेले म्हणजे पाऊस होता, किंवा अप्रेझल.

पुरी झाल्यावर आम्ही ती हॉलमध्ये पसरली आणि तिच्याभोवती उभे राहिलो. आंबाजोगाईला दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात 'पंचीकरण' हा वेदान्ताचा ग्रंथ लांबलचक पासोडीवर लिहून काढला. कापडाचा ग्रंथ करण्याची आपल्याकडे परंपराच आहे. आमचीही वाकळ डावीकडून वाचता येते. वर माझी पहिली कंपनी, जी दुसरीने विकत घेतली. तिच्या शेजारी दुसरी, जिने पहिलीची सगळी माणसं काढली. मध्ये एका अशा प्रॉडक्टचा टी-शर्ट, ज्यावर शंभर माणसं राबली आणि जे एकाही माणसाने वापरलं नाही. खाली बायकोचा 'आपण एक कुटुंब आहोत' असा टी-शर्ट. हा वाटला त्याच्या पुढच्या महिन्यात कुटुंब निम्मं झालं. वेदान्ताशी फारशी फारकत नाही. देह नाशवंत आहे, एवढं दोन्ही ग्रंथांवरून कळतं. पॉलिस्टर मात्र अविनाशी आहे, ही भर आमची.

ती वापरायला कशी आहे? हिवाळ्यात अंगावर ओढली की चटचट ठिणग्या उडतात. उन्हाळ्यात जवळ जाववत नाही. प्रत्येक धुण्यात वीतभर वाढते, त्यामुळे येत्या काही वर्षांत शेजारच्यांनाही पुरेल. तरी मुलीला तीच लागते. तिच्या वर्गमैत्रिणी राहायला आल्या की ती एकेका फुगलेल्या नावावर बोट ठेवून सांगते, "इथं बाबा रात्री काम करायचे. इथं आई रडली होती. या कंपनीत पिझ्झा द्यायचे." आम्ही दोघांनी वार्षिक सोहळ्यांचे जपून ठेवलेले फोटो तिने एकदाही मागितलेले नाहीत.

मध्यंतरी मी नवी नोकरी शोधत होतो. मुलाखत घरूनच, कॅमेऱ्यावर. आई कॅमेऱ्यात न येण्याच्या बेताने बाजूला बसून सुईत दोरा ओवत होती. शेवटी एचआरच्या बाईंनी रीतसर विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" आईने सुई माझ्याकडे रोखली. मी विचारलं, "टी-शर्ट देता ते सुती असतात का?" बाई क्षणभर थांबल्या, पॉलिसी पाहून कळवते म्हणाल्या, आणि खरंच ऑफर लेटरच्या मेलमध्ये शेवटी त्याचंही उत्तर आलं.

मी आईला वाचून दाखवलं. "साठ टक्के सुती, चाळीस टक्के पॉलिस्टर."

आईने दाताने दोरा तोडला. "मग त्या चाळीस टक्क्यांचा पगार वाढवून माग."