कॉइलकाका

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर खोचलेला माणूस दिसला म्हणून तो वायरमन असेल असं समजू नये. खऱ्या वायरमनकडे टेस्टर कधीच नसतो. तो आपल्याकडे मागतो, पाठोपाठ स्टूल मागतो आणि मग चिकटपट्टी. खिशात टेस्टर बाळगतो तो निवृत्त गृहस्थ. बँकेतून, पाटबंधारे खात्यातून नाहीतर शाळेतून सन्मानाने बाहेर पडलेला, नोकरीभर विजेशी बिल भरण्यापलीकडे संबंध न आलेला. पुण्यात १९९०च्या आगेमागे उभ्या राहिलेल्या, लिफ्ट नसलेल्या तीनमजली सोसायट्यांत हा गृहस्थ इमारतीमागे एक या प्रमाणात सापडतो. आमच्याकडच्या गृहस्थांना सगळे कॉइलकाका म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि त्यांना ते आवडतं.

मिक्सर, पंखा, इस्त्री यांना काका हात लावत नाहीत. ती किरकोळ कामं. त्यांचा विषय एकच, बाथरूममधला गिझर, आणि त्यातही त्याची कॉइल. ‘गिझर बिघडलाय’ असं कोणी जिन्यात नुसतं पुटपुटलं तरी दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं आणि प्रश्न येतो, “कोण पडलं?”

नवे भाडेकरू घाबरतात. ‘नाही नाही, कोणाला लागलं नाही,’ असं सांगतात. काकांना विचारायचं असतं ते एमसीबी पडलं की ईएलसीबी. काहीच पडलं नसेल आणि पाणी नुसतंच गार असेल, तर कॉइल आतून तुटली, म्हणजे सुखाने गेली. एमसीबी पडलं असेल तर कुठेतरी शॉर्ट. आणि ईएलसीबी पडलं असेल, तर मात्र काकांचा चेहरा बदलतो. कॉइलची नळी फुटलीय, आत पाणी शिरलंय, वीज गळतेय. “३० मिलिअँपिअर!” ते बोट वर करून सांगतात. “एवढी गळती झाली की ते पडलंच पाहिजे. पडलं म्हणून शिव्या काय देता त्याला?”

काकांचा हंगाम दिवाळीत असतो. गिझर नेमका नरकचतुर्दशीच्या पहाटे दगा देतो, याला सोसायटीत कोणी नशीब म्हणतं, कोणी कंपनीची लबाडी. काकांचं शास्त्र वेगळं आहे. उन्हाळाभर जेमतेम चालवलेला गिझर त्या दिवशी पहाटे चारला सुरू होतो आणि उटणं लावून बसलेली अख्खी पंगत संपेपर्यंत बंद होत नाही. आयुष्याच्या टोकाला आलेली कॉइल त्या पहाटे सुटते. काका स्वतः मात्र त्या दिवशी तीनलाच आंघोळ उरकून, खिशाला टेस्टर लावून, दाराशी खुर्ची टाकून बसलेले असतात. फराळाचं ताट मांडीवर आणि कान जिन्याकडे.

तपासणीची पद्धत ठरलेली. आधी मेन बंद, मग टेस्टर लावून खात्री, मग झाकणाचे स्क्रू, मग मल्टिमीटर. या मल्टिमीटरवर त्यांचं जे प्रेम आहे ते काकूंनी फार पूर्वीच मान्य करून टाकलं आहे. “दोन हजार वॉटची कॉइल आहे ना? मग दोनशे तीसचा वर्ग, भागिले दोन हजार. किती आले?” घरातला कोणी शाळकरी मुलगा तावडीत सापडला तर त्याला तोंडी करायला लावतात. सव्वीस पूर्णांक काहीतरी येतात. मीटरवर सव्वीस-सत्तावीस ओहम दिसले तर कॉइल निर्दोष. मग संशय थर्मोस्टॅटवर. काटा हललाच नाही तर कॉइल गेली. मल्टिमीटर काट्याचाच आहे. आकड्यांचा घ्या म्हणून मुलाने बंगळुरूहून पाठवलेला डबाबंद पडला आहे, कारण आकडा नुसता दिसतो आणि काटा ‘जाताना दिसतो’.

यानंतरचा भाग यजमानांच्या सहनशक्तीचा. गिझर रिकामा करायचा. पंधरा लिटरची टाकी म्हणजे पंधरा किलो पाणी, ते उतरवल्याशिवाय काका नटाला हात लावत नाहीत. नट अर्थातच गंजलेले. त्यावर खोबरेल तेल सोडून काका चहा मागतात. तेल मुरेपर्यंत चहा, चहाबरोबर व्याख्यान. व्याख्यानात निकेल आणि क्रोमियमच्या तारेचं पेटंट १९०६ साली मार्श नावाच्या अमेरिकन माणसाने मिळवलं हे येतं. तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते, ती उष्णता जाऊ देते पण वीज अडवते, हे येतं. त्यांच्या वडिलांचा तांब्याचा बंबही येतो. अंगणातल्या त्या बंबाचा नियम होता, आधी पाणी आणि मग विस्तव. रिकाम्या बंबात विस्तव घातला की सांधे सुटलेच. “तुमचा गिझर म्हणजे तोच बंब,” काका म्हणतात, “फक्त राख काढावी लागत नाही म्हणून तुम्ही माजलात.”

मग सगळे नट निघतात, काका गुडघ्यावर बसून कॉइल ओढतात, आणि ती येत नाही. हा क्षण त्यांचा फार आवडता आहे. सगळ्यांना बोलावतात. हलवत, फिरवत, थोडी आत ढकलून पुन्हा ओढत ती अखेर बाहेर येते तेव्हा मूळची नळी दिसतच नाही. चिरोट्यावर पाक जास्त चढावा तशी ती क्षारांनी जाड, पांढरी, खडबडीत झालेली असते आणि टाकीच्या तळाशी त्याच क्षारांचे वाटीभर टवके. बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, पालिकेचं पाणी, प्रत्येकाचा थर काका बोटाने चाचपून ओळखू शकतात असा त्यांचा दावा आहे. त्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. पण क्षारांबद्दलचं त्यांचं एक म्हणणं मला पटलेलं आहे. थर बसला की बिल वाढतं असं सगळे म्हणतात. काका म्हणतात, “वीज जाईल कुठे? टाकीबाहेर पडायला तिला वाट आहे का? उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच उतरणार. नुकसान होतं ते कॉइलचं. तिची उष्णता अंगातच कोंडते आणि ती बिचारी स्वतःच्या तापाने मरते.” साखर विरघळावी म्हणून आपण पाणी तापवतो, हे क्षार मात्र पाणी तापलं की खाली बसतात, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं.

कॉइलच्याच बैठकीवर मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून तिने गंजायचं, एवढंच तिचं काम. जुन्या गिझरमध्ये तिची नुसती तार उरलेली असते. ती तार दोन बोटांत धरून काका एकदा आमच्याकडे म्हणाले, “घरात कोणीतरी एकाने झिजायचं असतं, म्हणून बाकीचे टिकतात.”

काकू त्या वेळी काकांना जेवायला बोलावायला आल्या होत्या. त्यांनी दारातूनच विचारलं, “कोण हो ते?”

काकांनी कांडी खाली ठेवली.

नवी कॉइल आणायला जवळचं दुकान चालत नाही. लक्ष्मी रस्त्याजवळच्या तपकीर गल्लीतच जायचं असतं. जुनी कॉइल वर्तमानपत्रात गुंडाळून काका बसने जातात. शेजारच्या प्रवाशाला ती टोचते आणि तिथूनच विषय निघतो. गल्लीतल्या दुकानदारांना ते ओळखतात, दुकानदार त्यांना त्याहून चांगलं ओळखतात. काका काउंटरवर दिसले की पोरगा न विचारता सगळ्या कॉइल मांडतो: चार भोकांची, सहा भोकांची, सरळ, वाकडी, तांब्याची, इनकोलॉयची. क्षाराच्या पाण्याला इनकोलॉय चांगलं, तांबं लवकर खातं, हे दोघांनाही माहीत असतं. तरीही त्यावर सविस्तर चर्चा होते. चार-पाचशेच्या वस्तूत वीस रुपये सुटतात आणि काका ते वीस रुपये यजमानांना परत आणून देतात, वर बसचं तिकीट लावत नाहीत. मजुरी तर नाहीच. या माणसाला पैसे वाचवायचे असतात असं वाटतं, पण तसं नाही. आपल्याला कोणी बनवलं नाही, एवढं त्याला सिद्ध करायचं असतं. ‘टाकीच गेलीय, नवा घ्या’ असं कोण्या कंपनीचा माणूस कधीकाळी त्यांना म्हणाला होता. ती टाकी अजून चालू आहे आणि पाहुण्यांना दाखवली जाते.

गच्चीवर सोलर बसवलेल्या बाजूच्या इमारतीबद्दल काका एरवी बोलत नाहीत. जुलैत बोलतात.

जोडणी करताना मात्र हा बडबड्या माणूस गप्प होतो. नवी रबरी गॅस्केट, नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे, नाहीतर एका बाजूने पाणी झिरपतं. मग तीन वायरी. तपकिरी, निळी आणि हिरव्यावर पिवळी रेघ असलेली. या तिसरीवर काकांचा जीव. तिचं टोक ते सोलतात, पीळ देतात, वॉशरखाली घेतात, नट आवळतात आणि वायर ओढून बघतात. पुन्हा ओढतात. प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते, हे ते कोणालाही विचारतात. लांब अशासाठी, की प्लग खोचताना अर्थ सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. जाड अशासाठी, की ती चुकून दुसऱ्या भोकात जाऊच नये. “कोणीतरी बसून एवढा विचार केलाय,” काका म्हणतात, “आणि हे गाढव ती पिन कापून टाकतात, सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून!”

गाढव म्हणजे चौकातल्या दुकानातला वायरमन पोरगा. त्याचं आणि काकांचं वैर तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या गिझरवरून पडलं. ताईंकडे ईएलसीबी सारखं पडत होतं. काका मुलाकडे बंगळुरूला गेले होते. पोरगा आला, अर्थची वायर सोडवून टेप गुंडाळून ठेवली, ईएलसीबी पडायचं थांबलं, त्याने पैसे घेतले, ताई खूश. काका परत आले तेव्हा ताई सहज म्हणाल्या, “हल्ली नळाला हात लावला की जरा मुंग्या येतात.”

काका चपला न घालता तिसऱ्या मजल्यावर गेले. मेन बंद केला. मग पोराला बोलावून घेतलं आणि जिन्यात उभं केलं. त्या दिवशी त्यांनी एकही आकडेमोड सांगितली नाही. “गळती तू थांबवली नाहीस. तिची जमिनीत जायची वाट बंद केलीस. आता ती दुसरी वाट शोधणार. बाथरूममध्ये ओल्या पायांनी, नळाला हात लावून कोण उभं असतं?”

पोरगा म्हणाला, “पण काका, ईएलसीबी आहे ना वर.”

“आहे. त्यावर टेस्टचं बटण असतं. ते शेवटचं कधी दाबलंस?”

पोराने कधीच दाबलं नव्हतं. खरं सांगायचं तर इमारतीत कोणीच दाबलं नव्हतं. त्या संध्याकाळी काकांनी घरोघर जाऊन ते दाबायला लावलं. दोन घरांत काहीच पडलं नाही, आणि त्या दोन घरांना त्या रात्री काकांच्या विनोदी किश्शांऐवजी नवं ईएलसीबी आणायची चिठ्ठी मिळाली.

कॉइल बसली म्हणजे काम झालं असं नाही. बंबाचा नियम: आधी पाणी. पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह उघडायचा, गरम पाण्याचा नळ सोडायचा, फुसफुस करत हवा निघते, मग पाण्याची सलग धार लागते, तेव्हा बटण. कोरड्या टाकीत नवी कॉइल लावून बटण दाबलं तर ती पाहता पाहता जाते, आणि एका उत्साही जावयाने हे करून दाखवलेलं आहे. तेव्हापासून काका काम चालू असताना स्विचवर स्वतःच्या अक्षरात पाटी चिकटवतात: ‘टाकी भरल्याशिवाय बटण दाबू नये. दाबल्यास कॉइलचे पैसे दाबणाऱ्याकडून वसूल केले जातील. नाते पाहिले जाणार नाही.’

मग बटण दाबलं जातं, लाल दिवा लागतो आणि काका घड्याळ लावून बसतात. पंधरा लिटर, विसाचे साठ अंश, दोन किलोवॉट, म्हणजे एकवीस मिनिटं. थर्मोस्टॅटने बाविसाव्या मिनिटाला दिवा घालवला तरी ते एक मिनिट टाकीचं, असं म्हणून ते मोठ्या मनाने सोडून देतात. तोवर कोणी उठायचं नाही.

अलीकडे या वैराने अनपेक्षित वळण घेतलं. मागच्या थंडीत काकांचा फोन वाजला. पलीकडे तोच पोरगा, कुठल्या तरी परक्या सोसायटीतून. “काका, कॉइल सव्वीस दाखवतेय, सप्लाय येतोय, तरी पाणी गार.”

“थर्मोस्टॅटशेजारी कटआउट असेल, त्याला बारकं लाल बटण. जास्त तापलं की ते सुटतं. दाब. पण का सुटलं ते शोधल्याशिवाय घरी जाऊ नकोस.”

टक् असा आवाज फोनवरही आला. पोरगा आभार मानायला लागला, तर काका म्हणाले, “ते राहू दे. अर्थ जोडलीस?”

“जोडली.”

“फोटो पाठव.”

तेव्हापासून पोरगा प्रत्येक कामाचा फोटो पाठवतो: हिरवी-पिवळी वायर, वॉशर, आवळलेला नट. काका तो पहाटे सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, गुलाबाच्या फुलांच्या आणि सुविचारांच्या गर्दीत. खाली नेहमीचे लोक नेहमीसारखे हात जोडतात. परवाच्या फोटोखाली एकाने न बघताच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि दुपारपर्यंत त्याखाली रांग लागली होती.