पोलीस भरती : नवख्या उमेदवाराने काय करावे

पहाटे चारला उठून पळायला जाण्याआधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. तुमचं पहिलं ग्राउंड तिथं आहे. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं की वीस गुण, हे कोणीही सांगेल. अधिवासाचा दाखला किती चकरांत निघतो, ते टायमिंग मात्र कुठल्याच अकॅडमीच्या फ्लेक्सवर नसतं.

अधिवास म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा. तुमचा जन्म गावातला, शाळा गावातली, तुमची म्हैससुद्धा गावाला ठाऊक. तरी आडनावातला 'ळ' शाळेच्या दाखल्यावर 'ल' झाला असेल तर तुम्ही उपरे. सेतूतला पोरगा प्रिंटरकडे बघत म्हणेल, "ॲफिडेव्हिट लागेल." त्याच्याशी भांडू नका, तोही मागच्या भरतीत एका गुणाने राहिलेला असतो. (बेळगाव-कारवारकडच्या ८६५ गावांतले असाल तर आणखी गंमत: राहायचं कर्नाटकात, पण पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लावला की भरतीपुरते आपले.)

आता घरावर आलेल्या संकटांची यादी करा. समांतर आरक्षणात प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के, भूकंपग्रस्तांना दोन. आजोबांची जमीन धरणात गेली असेल तर हक्क तुमचाच, जमीन काही परत येत नाही. पण दाखला कुटुंबाला एकच. आमच्या शेजारी तीन भाऊ आहेत, तिघंही १६५ सेंटिमीटरच्या वर. दाखला कोणी लावायचा यावरून थोरला आणि मधला दिवाळीपासून बोलत नाहीत. धाकटा मुकाट पळतो आणि दोघांचं वय निघून जायची वाट बघतो.

होमगार्डमधून जायचं तर १०९५ दिवसांची सेवा हवी. गणपतीच्या बंदोबस्तात उभं राहून मोजत बसा. घरात धरण नाही, भूकंप नाही, फौजेतलं कोणी नाही, तर तुम्ही 'सर्वसाधारण'. वडिलांना बोल लावू नका.

मग जिल्हा. एका पदाला एकाच घटकात अर्ज, दोन ठिकाणी भरलात तर बाद. मुंबईत जागा जास्त म्हणून सगळे मुंबईला भरतात. हे ओळखून हुशार मंडळी छोटा जिल्हा धरतात आणि तिथलं मेरिट मुंबईच्या डोक्यावर नेऊन ठेवतात. गडचिरोलीकडे बघू नका, तिथं जिल्ह्याचेच रहिवासी लागतात. महिनाभर चहाच्या टपरीवर गणितं मांडून शेवटच्या रात्री, सर्व्हर गोल गोल फिरत असताना, तुम्ही मावशीचा जिल्हा निवडाल, कारण ग्राउंडच्या आदल्या रात्री पाठ टेकायला जागा. अनुभवाने सांगतो, माझं कारण तिन्ही वेळा हेच होतं.

२०२४ ला १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले आणि ग्राउंड सुरू झालं जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. तेव्हा चिखलातही पळायची सवय ठेवा. गोळा ओला असला तरी पोलादाचाच असतो.

यादी लागली की कट ऑफपासून वर वाचत जाऊ नका, मान दुखते. चेस्ट नंबर हवा तर फाडून टाका, सेफ्टी पिना मात्र जपा. पेटीतल्या नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्याला टोचून ठेवा, म्हणजे त्याचीही आठवण राहील. त्याची मुदत ३१ मार्चला संपते.