हुं!

परभणीत वसमत रोडच्या कुठल्याही कॉलनीतून सकाळी साडेसहाला चक्कर मारा. एखाद्या अंगणात लुंगी-बनियनवर, नुकतेच रिटायर झालेले काका येरझारा घालताना दिसतील. गाल फुगलेले, नजर घड्याळावर. ‘राम राम’ घातला तर उत्तर येतं, ‘हुं.’ समजायचं, तोंडात तेल आहे.

एरवी हे तोंड बंद नसतंच. त्यामुळे या पंधरा-वीस मिनिटांत घरातले सगळे तंटे निकालात निघतात. पोरगा गाडीची किल्ली मागतो, काकू माहेरी जायची तारीख सांगतात. काका जोरजोरात मान हलवतात. आत तेल खळखळतं. ‘हुं’ म्हणजे होकार, हा काकूंचा निवाडा.

मग पिचकारी. बेसिनमध्ये नाही, एकदा पाइप तुंबल्यापासून तिथं बंदी आहे. रद्दी कागदावर थुंकून काका तो कागद दाखवत फिरतात. ‘बघा, पिवळं तेल पांढरं झालं! विष निघायलंय शरीरातलं.’ दिवाळीला आलेला दंतवैद्य जावई सांगतो, तेल लाळेत घुसळलं की पांढरं होणारच. पण जावयाचं ऐकतंय कोण!

काका थेट चरकाला साक्षीला उभा करतात. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात तेलाच्या गुळण्यांचे गुण सांगितलेत: जबडा बळकट होतो, आवाज सुधारतो, ओठ फुटत नाहीत, दात पक्के राहतात. गुडघेदुखी आणि शुगर ही काकांची भर. तोंड हलवता येणार नाही इतकं भरायचं तो गंडूष, आणि घोळवता येतं तो कवल. काका करतात कवल, पण सांगतात गंडूष. शब्दाला वजन आहे.

तेलाचा मात्र खरा अभिमान. ग्रंथात तिळाचं तेल असेल, काकांना घाण्यावरचं करडईचंच लागतं. इथल्या कृषी विद्यापीठानं करडईचं ‘परभणी कुसुम’ वाण काढलं, मग बाहेरचं तेल कामून आणायचं? पुण्याच्या भाच्यानं खोबरेल पाठवलं होतं. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला आणि बाटलीत दगड झाला. काका ती अर्धा तास काखेत धरून बसले. नंतर ती काकूंच्या केसांच्या कामी आली.

‘अमेरिकन डेंटल असोसिएशन याची शिफारस करत नाही,’ जावई हळूच म्हणतो. ‘पुरेसा पुरावा नाही म्हणतात. ब्रश सोडू नका म्हणजे झालं.’

‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ काका गरजतात. ‘अमेरिकेला काय कळतंय? करडई पिकते का त्यांच्याकडं?’

‘पिकते की. कॅलिफोर्नियात.’

अंगणात शांतता पसरते. काका जावयाकडं बघतात, बाटलीकडं बघतात, आणि आजवर कधी न घेतलेला दुसरा चमचा तोंडात ओततात.

काकू पदर खोचत बाहेर येतात. ‘मग उद्याच्या गाडीनं जाते हो मी नांदेडला. आठ दिवस.’

‘हुं.’